पेरणीपासून राशीपर्यंत : शिवणकाम करणाऱ्या एका महिलेच्या रोख पैशाच्या नियोजनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सुनंदाताई (नाव बदलले आहे) लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या एका गावात राहतात. वय ३८, शिक्षण दहावीपर्यंत. घरात पती, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि २०२४ मध्ये दहावी उत्तीर्ण झालेली मुलगी. तीन एकर कोरडवाहू जमिनीत सोयाबीन आणि तुरीचे आंतरपीक घेतले जाते. पती दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत; पेरणीच्या आणि नांगरटीच्या दिवसांत त्यांना काम भरपूर असते, तर जुलै ते सप्टेंबर हे काम जवळजवळ थांबते. सुनंदाताई ब्लाऊज शिवतात आणि फॉल-पिको करतात. गौरीपासून दिवाळीपर्यंत आणि नंतर लग्नसराईत त्यांचे मशीन रात्री उशिरापर्यंत चालते, पण आषाढात गावातील बायका शेतात असतात आणि कोणाच्याही हाती पैसा नसतो, त्यामुळे शिवणकाम महिन्याला अडीच हजारांवर येते.

सुनंदाताई उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटाच्या दहा वर्षांच्या सदस्य आहेत. त्याशिवाय खासगी सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या गटांतही त्यांचे नाव आहे. गावात या दोहोंनाही 'गट'च म्हणतात आणि त्यातून बराच घोळ होतो. बचत गटात पैसा सदस्यांचा असतो, व्याज गटातच राहते आणि अडचण आली तर बैठकीत मुदत वाढवून मिळू शकते. कंपनीच्या गटात पैसा कंपनीचा असतो, हप्त्याची तारीख हलत नाही, आणि एका बाईचा हप्ता चुकला की शेजारणींवर दबाव येतो.

अडचण कशी वाढत गेली

२०२२ मध्ये पिको-फॉलच्या मशीनसाठी घेतलेले पहिले कर्ज सुनंदाताईंनी एकही हप्ता न चुकवता फेडले. चांगल्या परतफेडीमुळे पुढचे कर्ज मोठे आणि सहज मिळू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने मोठी ओढ दिली, शेंगा भरण्याच्या काळात रान कोरडे राहिले आणि एरवी १८ क्विंटल होणारे सोयाबीन १२ क्विंटलवर आले. किराणा आणि कृषी सेवा केंद्राची उधारी भागवण्यासाठी ऑक्टोबरमध्ये ५०,००० रुपयांचे कर्ज घेतले गेले, ज्याचा मासिक हप्ता २,६५० रुपये होता. डिसेंबरअखेर सासूबाईंच्या आजारपणात दुसऱ्या कंपनीकडून ३०,००० रुपये घेतले. त्याचा हप्ता दर १४ दिवसांनी ७३० रुपये. जून २०२४ मध्ये मुलीला लातूरला अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घ्यायचा होता. क्लास आणि प्रवेश मिळून २५,००० रुपये एकरकमी लागणार होते, म्हणून तिसऱ्या कंपनीचे तेवढेच कर्ज एक वर्षाच्या मुदतीवर काढले आणि त्याचा हप्ता २,३६० रुपये ठरला.

तिन्ही मिळून महिन्याला सरासरी ६,६०० रुपये द्यायचे होते. यातील १४ दिवसांचा हप्ता दिसायला लहान आहे, पण तो वर्षात २४ नव्हे तर २६ वेळा येतो. त्यामुळे वर्षातील दोन महिन्यांत तो तीनदा भरावा लागतो आणि नेमके तेच महिने हिशोबातून निसटतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या कर्जाचा पहिलाच हप्ता भरायला पैसे नव्हते. त्याच आठवड्यात एका कंपनीच्या प्रतिनिधीने ४०,००० रुपयांचे चौथे कर्ज देऊ केले. सुनंदाताई कागदपत्रांच्या झेरॉक्स घेऊन निघाल्या होत्या. वाटेत बचत गटाच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंनी त्यांना थांबवले, आणि या प्रकरणाचे काम तेथून सुरू झाले.

महिनावार तक्ता

पहिल्या बैठकीत पतीही असावेत असा आग्रह सीआरपी ताईंनी धरला. ३०,००० रुपयांच्या कर्जाची माहिती पतींना तेथेच पहिल्यांदा कळली. त्यावरून तासभर वाद झाला आणि बैठक दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी लागली. हा तपशील नोंदवण्याचे कारण असे की पुढचा प्रत्येक आकडा पतींनी सांगितलेल्या आकड्यांवर अवलंबून होता. ट्रॅक्टरची हजेरी त्यांच्या हातात पडे आणि आडतीची पट्टीही (विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती) त्यांच्याच नावाने निघे. कर्ज मात्र तिन्ही ठिकाणी सुनंदाताईंच्या नावावर होते. ते वापरले गेले शेतात, दवाखान्यात आणि शिक्षणात, म्हणजे सगळ्या घरासाठी. हप्त्याच्या दिवशी तारीख आठवत बसायचे काम मात्र एकट्या बाईचे होते.

जून २०२४ ते मे २०२५ या वर्षाचा अंदाज असा निघाला. सोयाबीन १८ क्विंटल आणि भाव ४,१५० धरून ७४,७०० रुपये, तूर २१,०००, शिवणकाम ७५,०००, पतींची मजुरी ५४,०००, आणि नुकत्याच जाहीर झालेल्या माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० प्रमाणे जुलैपासून १६,५०० रुपये. एकूण जमा २,४१,२००. त्यातून शेतीचा खर्च ४२,००० वजा केल्यावर १,९९,२०० उरतात, म्हणजे महिन्याला सरासरी १६,६०० रुपये. घरखर्च, औषधे, मुलाचा खर्च, मुलीची खोली आणि मेस, प्रवेशाची रक्कम आणि सणवार मिळून वर्षाला १,४६,४०० रुपये लागणार होते. उरलेल्या ५२,८०० मधून वर्षाचे जवळपास ७६,७०० रुपयांचे हप्ते भागत नव्हते. तिसऱ्या कर्जाचे २५,००० जमेस धरले तरच वर्ष काठावर जुळत होते. म्हणजे पैसा वर्षालाच थोडा कमी पडत होता, आणि जो होता तो चुकीच्या महिन्यात येत होता. या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. त्या एकत्र दिसल्या की माणूस नवे कर्ज काढतो, हे या कामात वारंवार पाहायला मिळते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे कर्जाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक असता कामा नयेत. सुनंदाताईंचे हप्ते सरासरी उत्पन्नाच्या सुमारे ४० टक्के होते, म्हणजे कंपन्या नियमाच्या आतच होत्या. पण जुलै २०२४ मध्ये घरात आले ते शिवणकामाचे २,५०० आणि मजुरीचे २,०००, एकूण ४,५०० रुपये. त्या महिन्याचे हप्तेच ६,६०० होते. घरखर्च, मेस आणि फवारणी-खुरपणी धरून जुलैची एकूण गरज २०,३०० रुपये होती. नियम सरासरी महिन्यासाठी लिहिलेला आहे आणि कोरडवाहू शेतीच्या घरात सरासरी महिना कधीच उगवत नाही. पगारदार घरासाठी योग्य असलेले मोजमाप येथे दिलासा देते आणि दिशाभूलही करते.

तक्त्यानुसार जुलैची तूट १५,८००, ऑगस्टची ९,८०० आणि सप्टेंबरची ९,८००. तीन महिन्यांची मिळून ३५,४०० रुपये. लग्नसराईतून साठवलेले ९,००० रुपये जूनमध्येच बियाणे आणि घरखर्चात संपले होते, शिवाय बी-खताचे १२,००० रुपये 'रास झाली की देतो' (मळणी होऊन माल हाती आला की देतो) या बोलीवर उधार होते. ऑक्टोबर ते मे या काळात मात्र सगळे भागून सुमारे ४५,००० रुपये वर राहणार होते.

समोरचे पर्याय

चौथे कर्ज ही तूट एका फटक्यात भरून काढणार होते. मात्र २४ महिन्यांचा त्याचा हप्ता सुमारे २,११५ रुपये येत होता आणि व्याजापोटी जवळपास १०,७०० रुपये जाणार होते. महत्त्वाचे म्हणजे २०२५ च्या जुलैतही तोच हप्ता उभा राहणार होता. तीन महिन्यांच्या अडचणीसाठी दोन वर्षांची बांधिलकी घेण्यासारखे ते होते. गावातील खासगी सावकाराचा दर शेकडा चार, तोही दरमहा, म्हणून तो पर्याय चर्चेआधीच सुटला. आडत्याकडून उचल घेतल्यास माल त्याच्याकडेच आणि तो सांगेल त्या भावाने घालावा लागतो, म्हणून पतींनी स्वतःच नकार दिला.

मुलीला लातूरच्या खोलीतून परत आणून एसटीने ये-जा करायला लावावी, ही सूचना पतींची होती. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो आणि मेसचे महिन्याला ३,५०० रुपये वाचले असते. सुनंदाताईंनी ही सूचना ठामपणे नाकारली. क्लास सकाळी साडेसहाला सुरू होतो, फाट्यापर्यंत चार किलोमीटर चालत जावे लागते आणि संध्याकाळची शेवटची गाडी नेहमी येतेच असे नाही. केवळ आकड्यांत पाहिले तर हा सर्वांत मोठा वाचणारा खर्च होता. तरीही तो तक्त्यातून काढण्याचा अधिकार सल्ला देणाऱ्याचा नाही, असे आमचे मत आहे. घराने काय जपायचे हे घराने ठरवावे आणि उरलेल्या रकमेत वाट शोधावी.

पीककर्ज हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येते. पण सातबारा अजून दिवंगत सासऱ्यांच्याच नावावर होता. वारस फेरफार झालेला नव्हता, त्यामुळे पीककर्जही नव्हते आणि पीएम किसानचे हप्तेही नव्हते. सहा वर्षे 'करू कधीतरी' म्हणून राहिलेल्या या कागदाची किंमत तक्त्यात पहिल्यांदाच रुपयांत दिसली. जुलैच्या अडचणीला तो उपयोगी पडणार नव्हता, पण अर्ज त्याच आठवड्यात दिला गेला.

उरले दोन पर्याय : बचत गटाचे अंतर्गत कर्ज, दरमहा एक टक्का व्याजाने, जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत, आणि बँकेत सोने तारण ठेवून वर्षभराच्या मुदतीचे कर्ज, ज्यात दरमहा हप्ता नसतो आणि मुद्दल व व्याज एकदम फेडता येते. व्याजदर साडेनऊ टक्के होता. दरापेक्षाही त्याची परतफेडीची पद्धत येथे निर्णायक ठरली, कारण हे कर्ज राशीची वाट पाहू शकत होते.

सोन्याला सासूबाईंचा विरोध होता. गंठण बँकेत गेले की गावात बोलले जाते, ही भीती तर होतीच. पण पाऊस फिरला तर सोने सुटणार कसे, हा त्यांचा दुसरा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. म्हणून पूर्ण ३५,००० सोन्यावर न काढता २५,००० सोन्यावर आणि १०,००० गटातून घ्यावेत असे ठरले, आणि सोयाबीन हातचे गेले तर तुरीच्या पैशातून सोने सोडवायचे हेही त्याच बैठकीत वहीत लिहिले गेले.

प्रत्यक्ष कृती

२० जुलैच्या सुमारास दोन्ही रकमा हाती आल्या आणि थकलेला हप्ता भरला गेला. चौथ्या कर्जाला नकार देण्यात आला. प्रतिनिधीने नंतर दोनदा फोन केला. पतींना सगळे माहीत असल्याने उत्तर देणे सुनंदाताईंना सोपे गेले.

शिवणकामाची उधारी हा भाग सर्वांत अवघड निघाला. वहीत ६,८०० रुपये येणे होते आणि ते बहुतेक जावा, चुलत नणंदा, शेजारणी यांच्याकडे होते. ज्या बाईकडे आपण सुगीत मजुरीला जातो तिला ब्लाऊजचे दीडशे रुपये मागायचे कसे, हा संकोच कोणत्याही वसुलीच्या तंत्राने जात नाही. 'तू मागू नकोस, वही मागू दे,' असे सीआरपी ताईंनी सुचवले. बचत गटाच्या बैठकीत सुनंदाताईंनी सर्वांसमोर आपला हप्त्यांचा तक्ताच वाचून दाखवला आणि गौरी येईपर्यंत मागचे पैसे द्यावेत, तसेच पुढे माप घेतानाच निम्मे पैसे द्यावेत, अशी विनंती केली. गौरीपर्यंत ४,२०० रुपये आले. दोन गिऱ्हाइके तुटली आणि एका जावेने काही महिने बोलणे टाकले. निम्मी आगाऊ रक्कम घेण्याची पद्धत मात्र टिकली आणि अस्तर-धाग्याची खरेदी त्यामुळे घरखर्चातून होईनाशी झाली.

पैसे ठेवण्याच्या जागाही बदलल्या. आधी शिवणकामाचे पैसे, घरखर्च आणि हप्ते हे सारे एकाच डब्यात असायचे. आता हप्त्याचे पैसे बँकेत आणि घरखर्च डब्यात अशी विभागणी झाली. आडतीची पट्टी पतींच्या नावावरच राहिली, पण रक्कम रोख न घेता खात्यात घ्यायची आणि त्याच दिवशी दोघांनी बसून वाटप करायचे, असे ठरले.

ऑक्टोबरअखेर १८ क्विंटल सोयाबीन सरासरी ४,१५० रुपयांनी गेले. काढणी-मळणीचे १४,००० आणि कृषी सेवा केंद्राचे १२,००० दिले, नोव्हेंबरच्या मध्यास सोने सुटले आणि डिसेंबरमध्ये गटाचे कर्ज फिटले. दोन्ही कर्जांचे व्याज मिळून साधारण १,२०० रुपये झाले. फेब्रुवारीत तुरीचे पैसे आल्यावर १२,००० रुपयांच्या प्रत्येकी ४,००० च्या तीन मुदत ठेवी केल्या आणि त्यांच्या मुदती जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये संपतील अशा निवडल्या. रक्कम लहान आहे. पण तो पैसा लग्नाच्या आहेरात किंवा पाहुण्यांच्या उसनवारीत गेला नाही, तो या मुदतीमुळेच.

निर्णयांकडे मागे वळून पाहताना

सोयाबीन एकदम विकण्याचा निर्णय तपासण्यासारखा आहे. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता. काढणीच्या मजुरीसाठी आणि उधारीसाठी दहा क्विंटल विकून आठ क्विंटल राखता आले असते. क्विंटलमागे ७४२ रुपयांचा फरक धरला तर जवळपास ५,९०० रुपये अधिक मिळण्याची शक्यता होती आणि सोने आणखी दोन महिने बँकेत राहिले असते तर व्याज वाढले असते जेमतेम चारशे रुपयांनी. कर्ज वर्षभराचे होते, घाई नव्हती. घाई होती ती गंठण घरात यावे याची, आणि ती पूर्णपणे समजण्यासारखी आहे. खरेदी केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची अट, बारदान्याची टंचाई आणि उशिरा येणारे पैसे यांचा विचार करता हमीभाव मिळालाच असता असेही नाही. तरीही हा प्रश्न जुलैच्या बैठकीत चर्चेला यायला हवा होता. सोने कधी सोडवायचे याचा बेत तेव्हा झाला, माल कधी विकायचा याचा झाला नाही.

जून २०२४ चे तिसरे कर्जही टाळता आले असते असे दिसते. क्लासची फी हप्त्यांत घेता का, हे कोणी विचारलेच नव्हते. पुढच्या वर्षी बारावीसाठी विचारले तेव्हा २०,००० रुपयांचे दोन भाग लगेच करून मिळाले : निम्मे जूनमध्ये, निम्मे दिवाळीनंतर. शिवाय सूक्ष्म वित्त कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड घेता येत नाही, ही तरतूद रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत आहे. नोव्हेंबरमध्ये तिसरे कर्ज पूर्ण फेडण्याचा विचार झाला होता, पण हाती उरलेली रक्कम त्याला पुरणारी नव्हती. आठ क्विंटल सोयाबीनचा मुद्दा येथे पुन्हा येतो.

२०२५ चा खरीप

वारस फेरफार मंजूर होऊन सातबारावर सासूबाई आणि पती यांची नावे लागली. मे २०२५ अखेर ६०,००० रुपयांचे पीककर्ज मंजूर झाले. त्यातील ५२,००० उचलले : पेरणी-फवारणीला २८,०००, काढणीसाठी राखीव १४,००० आणि क्लासच्या पहिल्या हप्त्याला १०,०००. पीककर्ज शिक्षणाला वळवणे योग्य नाही, हे घरातही सर्वांना ठाऊक होते. शिल्लक रकमेवर दरमहा दोन टक्के व्याजाचे कर्ज की शून्य व्याजाचे, एवढाच तो विचार होता. तिसरे कर्ज जूनमध्ये संपले. जुलै ते सप्टेंबरची तूट २०,३०० वर आली. १२,००० मुदत ठेवींतून निघाले आणि ८,००० बचत गटातून घेतले. सोने बाहेर काढावे लागले नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि शेंगांना कोंब फुटले. तीन एकरांत आठ क्विंटल डागी सोयाबीन निघाले आणि ते ३,८०० रुपयांनी गेले. सव्वा हेक्टरच्या आतल्या कोरडवाहू क्षेत्राची हेक्टरी ८,५०० दराने १०,२०० रुपयांची भरपाई खात्यात आली. सातबारा जुन्याच नावावर असता तर ती अडकली असती. ५०,००० च्या कर्जाचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरमध्ये आणि ३०,००० च्या कर्जाचा डिसेंबरअखेर गेला. क्लासचा दुसरा भाग दिवाळीच्या शिवणकामातून दिला.

आता उरले आहे ते ५२,००० रुपयांचे पीककर्ज. अतिवृष्टीमुळे पुनर्गठनाची सवलत घेतली तर ते मुदत कर्जात बदलून हप्त्यांत फिटेल, मात्र शून्य व्याजाचा लाभ आणि पुढच्या खरिपाचे नवे कर्ज या दोन्हींवर त्याचा परिणाम होईल. पती पुनर्गठनाच्या बाजूचे आहेत. सुनंदाताईंनी जानेवारी २०२६ पासून, हप्त्यांतून मोकळे झालेले दरमहा ४,२०० रुपये आवर्ती ठेवीत टाकायला सुरुवात केली आहे आणि लग्नसराईचे पैसे धरून मेअखेर किती जमतात ते पाहून बँकेत जायचे, असे वहीत लिहून ठेवले आहे.